चतकोर भाकरीची चाकरी

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघाला, पण कुत्रं राखण्याची आणि त्याला कामाला लावण्याची इथली रीत जिल्ह्याच्या हद्दीहून कितीतरी जुनी आहे. उत्तरेच्या अंगाला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेकडे पूर्णा. सेनगाव-कळमनुरीकडे माळरान आणि वसमतकडे काळी कसदार जमीन. या मुलखात कुत्रं पाळणारे मुख्यतः तिघे होते: मेंढरांमागे फिरणारा धनगर, तांड्यावरचा बंजारा आणि शेतातल्या आखाड्यावर गुरं बांधणारा शेतकरी. आखाडा म्हणजे गोठा, कडब्याची गंजी, अवजारं आणि सालगड्याची खोपी मिळून झालेलं शेतातलं बिऱ्हाड. रात्री तिथे माणूस एखादाच, म्हणून कुत्रं हवंच. तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट सारखी होती. कुत्र्याला दिवसभर किंवा रात्रभर पुरेल एवढं काम असे आणि भाकर त्या कामाशी बांधलेली असे. आज शहरातल्या घरात जे पिल्लू आवरता आवरत नाही, जे चपला कुरतडतं आणि पोरांच्या पोटऱ्या धरतं, त्याची ही धग मेंढवाड्यावर किंवा तांड्यावर दोष मानली गेली नसती. पिल्लू निवडताना ती आधी पाहिली गेली असती.

कुत्र्यांच्या संगोपनाचा लेखी माग या भागात बाराव्या शतकापर्यंत जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींची एक लांबलचक मालिका आहे. हत्ती, घोडे, कोंबडे, एडके, ससाणे यांच्या रांगेतच ‘सारमेयविनोद’ हे कुत्र्यांवरचं स्वतंत्र प्रकरण येतं. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा चालुक्यांच्याच अमलाखाली होता. शिकारी कुत्र्यांची पारख आणि निगा हा विषय राजाच्या ग्रंथात बसण्याइतका प्रतिष्ठेचा होता, एवढं त्यावरून नक्की कळतं. त्याच्याही आधीचा पुरावा राष्ट्रकूटांच्या काळातला आहे. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या कारकिर्दीतला, 949-50 सालचा एक शिलालेख सापडला. काळी नावाच्या शिकारी कुत्रीची हकीकत त्यात कोरलेली आहे. गंग राजा बूतुग याच्याकडून मणलेर नावाच्या योद्ध्याने युद्धातल्या पराक्रमाबद्दल बक्षीस म्हणून काय मागून घेतलं, तर ही कुत्री. पुढे ती एका मोठ्या रानडुकरावर सोडली गेली, दोघंही झुंजीत मेली, आणि मणलेराने तिच्या स्मरणार्थ दगड उभा करून त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. जमीनजुमला सोडून कुत्री मागणारा माणूस त्या काळी वेडा ठरला नाही, उलट ते दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मराठीतला एक जुना उल्लेख याहून वेगळ्या बाजूने येतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांनी उठवलेला ससा कुत्र्यांपासून जीव वाचवत चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो, अशी एक लीळा आहे. पारधी येतात, ससा मागतात, बोलणं होतं. आठवणीचा भर अहिंसेवर असला तरी सशामागे कुत्री सोडण्याची शिकार तेव्हा या मुलखात रोजच्यातली होती, हे ती जाता जाता सांगून जाते. याच शतकात, 1270 साली जन्मलेल्या नामदेवांचं गाव म्हणून हिंगोली तालुक्यातलं नर्सी ओळखलं जातं. नामदेवांची कुत्र्याची गोष्ट मराठी घरात सांगावी लागत नाही. कुत्रं भाकर घेऊन पळालं आणि हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे, कोरडी खाऊ नकोस म्हणत. शेजारच्या माहूरला दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं, खंडोबाच्या भक्तांत स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवणारे वाघ्ये. कुत्र्याला शिवू नये म्हणणारा समाज आणि कुत्र्याला देवाशेजारी बसवणारा समाज एकाच गावात राहत होता. धनगरांचं दैवत खंडोबा, म्हणून मेंढवाड्यावर कुत्र्याची जागा दुसऱ्या बाजूची होती.

पिल्लू घडवण्याची सर्वांत पक्की पद्धत या मेंढवाड्यावरच होती. परभणी, हिंगोली, वाशीमच्या टापूत हटकर धनगरांची वस्ती दाट. त्यांतले पुष्कळजण लढवय्ये आणि जमीनदार झाले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नौसाजी नाईकाच्या नेतृत्वाखाली त्यांनी निजामाच्या फौजेशी झुंजही दिली. तरी मेंढरं सांभाळणारी घरं राहिलीच. सुगी झाली की मेंढरांची खांड मोकळ्या रानात बसवली जाते. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, धनगराला चारा आणि चार पायल्या धान्य. रात्री खांडीभोवती वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांवर ताणतात. कोकरं आत वेगळ्या कोंडाळ्यात, माणसं एका अंगाला आणि कुत्री वाघुरीच्या बाहेर. लांडग्याला जाळं अडवत नाही, कुत्र्याचं भुंकणं अडवतं. भुंकण्यासाठी कुत्रं जागं हवं आणि मेंढराच्या बाजूचं हवं. जागं राहणं हे जातीचं, मेंढराच्या बाजूचं होणं हे लहानपणी घडवायचं.

वाड्यावर जन्मलेलं पिल्लू डोळे उघडतं तेच लोकरीच्या वासात. तीन-चार आठवड्यांचं झालं की ते कोकरांत लुडबुडायला लागतं. कोकराची शेपटी तोंडात धरली की आई मेंढी वळून डोकं हाणते आणि पिल्लू कोलांटी खातं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच करतं, तिसऱ्या दिवशी जरा बेताने. माणसाला यात बोट घालावं लागत नाही. संध्याकाळी चुलीपाशी धनगरीण भाकरीचा चतकोर ताकात कुस्करून ठेवते, पिल्लाला नावाने हाक मारते, मोत्या किंवा खंड्या. ते धावत आलं की परात पुढे सरकते. हाकेला येणं हा धडा असा दिवसातून दोनदा, वर्षभर, कोणी शिकवतोय असं न वाटता गिरवला जातो. पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर ते जाणत्या कुत्र्याबरोबर खांडीमागे चालू लागतं. कुठे थांबायचं, कोणावर भुंकायचं, कोल्ह्यामागे किती लांब जायचं आणि कधी परतायचं, हे सगळं त्या थोरल्याकडून उचलतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं शेकडो पिल्लांवर निरीक्षणं करून 1965 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू ज्यांच्या सहवासात येतं त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. हा काळ गेला की ओळख करून देणं अवघड होत जातं. मेंढवाड्यावर हेच चालत होतं, फक्त कारण कोणी विचारलं नव्हतं.

या जुन्या पद्धतीचं कौतुक करताना हात आखडता घ्यायला हवा. काठी होती, ढेकूळही होतं. मेंढराचा लचका तोडणारं कुत्रं वाड्यावर टिकत नसे, आणि ते कुठे गेलं याची चौकशी होत नसे. आजाराने, बिबट्याने, अर्धपोटी चालीने निम्मीशिम्मी पिल्लं मोठी होतच नसत. जी राहत ती आधीच चाळून निघालेली असत, त्यामुळे शिकवणं सोपं भासे. तरी एका गोष्टीत धनगराचा हिशोब चोख होता. माणसाला भिणारं कुत्रं अंधारात माणसापासून लांब राहतं, आणि लांब राहिलेलं कुत्रं राखणीच्या कामाचं नाही. मार हा त्याला परवडणारा नव्हता.

बंजाऱ्यांच्या तांड्याचं जग चालतं होतं. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्याआधी धान्य, मीठ आणि डाळींची ने-आण पाठाळाच्या बैलांवर होत असे. मोगलांपासून इंग्रजांपर्यंत दख्खनमध्ये उतरलेल्या प्रत्येक फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या गोण्यांवर भरत होतं. मुक्कामाला गोण्या रचून कोट करायचा, बैल आत, माणसं आत, आणि बाहेर कुत्री. तांड्याच्या कुत्र्याला एक काम अधिक होतं. रोज नव्या जागी नवी हद्द त्याला पहिल्या तासाभरात समजून घ्यावी लागे. मध्य भारतात बंजाऱ्याच्या कुत्र्याची एक कथा सर्वदूर सांगितली जाते. कर्जापायी बंजारा आपलं कुत्रं सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराकडे चोरी होते, कुत्रं चोरांनी पुरलेला माल दाखवून देतं. सावकार खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला परत पाठवतो. कुत्रं पळून आलं असं समजून बंजारा त्याला मारतो आणि चिठ्ठी नंतर वाचतो. छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यात खपरी येथे कुकुरदेव मंदिर आहे, त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे. ती इमानाची कथा म्हणून सांगतात. पण नीट पाहिलं तर ती घाईने केलेल्या शिक्षेची कथा आहे, आणि कुत्रं शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तीच बाजू जास्त कामाची. कुत्र्याने काय केलं हे समजून घेण्याआधी उगारलेला हात बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर पडतो.

कारवान जातीच्या कुत्र्याचं नाव या काफिल्यांशी जोडलं जातं. लांब पाय, चिंचोळं तोंड, पोटाकडे एकदम वर गेलेली कंबर, छातीत खोल भाता. नजरेने शिकार करणारं हे कुत्रं साळुकी आणि ताझी या पश्चिम आशियाई कुळाचं भावकीतलं. ते अरब-अफगाणांच्या घोडदळाबरोबर दख्खनमध्ये उतरलं, असं सर्वसाधारण मत आहे. कान-शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानच्या पैदाशीसाठी नावाजलेलं आहे. हिंगोलीला लागूनच असलेल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, गाढवं, उंट यांच्याबरोबर श्वानांचंही प्रदर्शन असतं, आणि मराठवाडाभरची कारवान कुत्री झुली घालून तिथे मिरवतात. कृष्णेपलीकडे मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी हीच जात सांभाळली. मालोजीराव घोरपडे यांनी तिची जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली, तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रुळलं. केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान म्हणतो, दुसऱ्या संघटनेच्या कागदांत मुधोळ. कुत्र्याला अर्थात दोन्हीचं सोयरसुतक नाही.

कारवान पिल्लू वाढवणं ही मेंढवाड्यापेक्षा वेगळी कला होती. पळण्यासाठीच घडलेल्या या जनावराला पळवावं लागतं, पण हाडं पक्की होण्याआधी पळवलं तर ते पायातून जातं. म्हणून पहिले काही महिने मोकळं बागडू द्यायचं, दूध-भाकर आणि जमेल तेव्हा मांसाचं वरण चारायचं, आणि अंगात आल्यावर जाणत्या कुत्र्याच्या जोडीने रानात न्यायचं. पहिला ससा थोरलंच धरतं. धाकटं नुसतं मागे धावतं, पण त्या धावण्यानेच ते कामाला लागतं. त्याला कोणी बक्षीस देत नाही, धावणं हेच त्याचं बक्षीस असतं. हा मुद्दा पुढच्या काळात फार महत्त्वाचा ठरला.

हिंगोलीत कुत्रा पाळण्याची आणखी एक तऱ्हा छावणीने आणली. तिसरं इंग्रज-मराठा युद्ध संपल्यावर निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेचं, म्हणजे पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखल्या गेलेल्या दळाचं, हिंगोली हे एक मुख्य ठाणं झालं. 1903 मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत घोडदळ, पायदळ आणि तोफखान्याचा इथे राबता होता. अशा छावण्यांत साहेबांबरोबर पॉइंटर, स्पॅनियल, टेरियर ही कुत्री येत. त्यांची निगा राखणाऱ्या नोकराला डोरिया म्हणत. कोल्ह्याच्या शिकारीसाठी विलायती आणि गावठी कुत्र्यांचा सरमिसळ कळप जमवणं हा अधिकाऱ्यांचा आवडता उद्योग होता. इंग्रजी हुकूम, गळ्यातला पट्टा, साखळी, ठरल्या वेळेचं खाणं आणि ठरल्या वेळेची फेरी ही सगळी शिस्त मराठवाड्यात आली ती अशा छावण्यांच्या वाटेने. आजही जिल्ह्यात अस्सल मराठी माणूस आपल्या कुत्र्याशी ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ याच बोलीत बोलतो. बैलाला मराठी, कुत्र्याला इंग्रजी, ही वाटणी त्या वेळची.

छावणीच्या जगात शिकवण्याचे दोन पंथ होते. विल्यम हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावरचं पुस्तक 1848 मध्ये निघालं आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. संयम, खाऊ आणि खुणा यांवर त्याचा भर होता. दुसरा पंथ जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याचा. 1910 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात कुत्र्याला हुकमाखाली आणायचं तर पट्ट्याचा झटका आणि दाब हवाच, ही भूमिका पद्धतशीर मांडली होती. पहिल्या महायुद्धात हजारो कुत्री थोड्या काळात तयार करायची निकड होती, म्हणून मोस्टची वाट चालू झाली आणि ती पोलीस-लष्करी शाळांतून जगभर पसरली. लांडग्यांच्या कळपात एक मस्तवाल नर सगळ्यांना दाबून ठेवतो, तसं माणसाने कुत्र्याला दाबून ठेवावं, ही समजूत तिला नंतर येऊन चिकटली. तिचा आधार होता रुडॉल्फ शेंकेल याने 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांबद्दल लिहिलेला निबंध. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक याने आपल्या 1970च्या ग्रंथात ती उचलून धरली आणि 1999 मध्ये स्वतःच दुरुस्त केली. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच कुटुंब असतं. ही दुरुस्ती भारतातल्या कुत्रा शिकवणाऱ्यांपर्यंत फार उशिरा आली. पुष्कळांपर्यंत अजून आलेली नाही.

दरम्यान दुसरीकडे वेगळं काम चालू होतं. रशियात पाव्हलॉव्हने कुत्र्याच्या लाळेवरून दाखवलं की एखादा आवाज आणि अन्न पुन्हा पुन्हा जोडीने आले तर आवाजालाच अन्नाचं मोल येतं. अमेरिकेत स्किनरने 1938 मध्ये मांडलं की ज्या कृतीनंतर हवंसं काही मिळतं ती कृती वाढते. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रीलँड यांनी 1947 मध्ये प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला. कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना खाऊवर शिकवलं. 1961 मध्ये त्यांनी धंद्यातला तोटाही प्रामाणिकपणे लिहून काढला. डुकराला नाणं पेटीत टाकायला शिकवलं, तर काही आठवड्यांनी ते नाणं वाटेतच जमिनीवर टाकून नाकाने उकरत बसतं. जातीचा स्वभाव शिकवणीला ओढून नेतो. कारवान पाळणाऱ्याला यात नवल वाटलं नसतं. ससा उठल्यावर खाऊचा तुकडा दाखवून कारवान परतत नाही. पण पळणं हेच बक्षीस केलं, म्हणजे हाकेला आलास तर पुन्हा सोडतो, हा सौदा पक्का बसवला तर परततो.

घरगुती पिल्लांपर्यंत हे शास्त्र नेण्याचं काम इयान डनबार या पशुवैद्याने केलं. 1982 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले. त्याआधी सहा महिन्यांच्या आत कुत्र्याला शिकवू नये असा प्रघात होता, कारण पट्ट्याचे झटके कोवळ्या मानेला सोसत नाहीत. झटकाच काढून टाकला तर आठ आठवड्यांचं पिल्लूही शिकतं. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर हिच्या 1984च्या पुस्तकाने शिट्टी किंवा क्लिकरच्या टिचकीने नेमका क्षण टिपण्याची रीत कुत्र्यांच्या जगात आणली.

भारतात संस्थात्मक प्रशिक्षणाची मोठी सोय लष्कराने केली. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या मेरठ केंद्रात 1960 मध्ये श्वान प्रशिक्षण सुरू झालं. महाराष्ट्र पोलिसांची कुत्री पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार होऊ लागली. 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकणारा लॅब्रॅडोर जंजीर तिथलाच. मराठवाड्यात बीड पोलिसांच्या रॉकीचा अंत्यविधी 2020 मध्ये इतमामाने झाला. त्याने 300हून अधिक प्रकरणांत माग काढून दिला होता, हे पंतप्रधानांनी 30 ऑगस्ट 2020च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं.

पोलिसांच्या निवडीतली मेख मात्र घरोघर ठाऊक नाही. पिल्लांची चाचणी घेताना शिकवणारा चेंडू फेकतो. एक पिल्लू चार पावलं जाऊन परत फिरतं. दुसरं चेंडू झुडपात गेला तरी झुडूप उपटायला निघतं, दमत नाही, दुसरीकडे पाहतही नाही. निवड दुसऱ्याची होते. स्फोटकाचा वास त्याला मुळात काहीच वाटत नसतो. त्या वासापाशी बसलं की हस्तकाच्या खिशातून चेंडू किंवा कापडाची गुंडाळी बाहेर येते आणि दोन मिनिटं दंगा करायला मिळतो, एवढं त्याला कळलेलं असतं. विमानतळावर, मंत्र्यांच्या सभेआधी, रेल्वे स्थानकावर जे गंभीर काम चाललेलं दिसतं ते कुत्र्याच्या बाजूने निव्वळ चेंडूचा खेळ आहे. जे पिल्लू घरात डोकेदुखी म्हणून हिणवलं गेलं असतं, तेच इथे पहिल्या पसंतीचं. मारून हे काम होतच नाही. धाकातलं कुत्रं वास नसतानाही खाली बसून मोकळं होतं, आणि बॉम्बशोधक पथकात खोट्या खुणेची किंमत फार मोठी असते.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला आणि कुत्री सोडून सशाची शिकार करणं गुन्हा ठरलं. कारवानचं वंशपरंपरागत काम कागदावर तरी त्या दिवशी संपलं. चोरून चालत राहिलं ते निराळं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मेंढरांच्या खांडी कमी झाल्या, माळ नांगराखाली गेले, ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि हळद आली. आखाड्यावरच्या कुत्र्याचं काम मात्र टिकलं, किंबहुना वाढलं. रानडुकरं आणि रोही रात्रीतून पीक लोळवतात, आणि कुंपण परवडत नाही त्याला कुत्रंच परवडतं. कारवानची पिल्लं दरम्यान हौशी घरांत, प्रदर्शनांत आणि शहरातल्या गच्च्यांवर पोहोचली. 2016 मध्ये मुधोळची काही पिल्लं लष्कराने मेरठला नेली, देशी जातीला तिथे हा पहिलाच प्रवेश. 2020 मध्ये मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई या जातींची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झाली.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांतल्या नव्या वस्त्यांत आता लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड सहज दिसतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या जिल्ह्यात कोणी हस्कीही आणतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. या घरांत मेंढवाड्यावरच्या दोन्ही गोष्टी नसतात, दिवसभराचं काम आणि जाणतं कुत्रं. सकारात्मक पद्धत म्हणून जे शिकवलं जातं ते बहुतांशी या दोन गोष्टींची भरपाई आहे. चावऱ्या पिल्लासाठीचा धडा मुठीपासून सुरू होतो. भाकरीचा वाळका कुटका मुठीत बंद करून मूठ पिल्लासमोर धरायची. ते चाटतं, दातांनी ओरबाडतं, पंजा मारतं, भुंकतं. मूठ हलत नाही, माणूस बोलत नाही. केव्हा तरी वैतागून ते नाक मागे घेतं, फार तर क्षणभर. त्याच क्षणी ‘हां’ म्हणायचं आणि मूठ उघडायची. उशीर झाला तर ते काहीतरी दुसरंच शिकतं. पाच-सात वेळा झाल्यावर पिल्लू मुठीपुढे बसून माणसाच्या तोंडाकडे बघू लागतं. ओरबाडून मिळत नाही, थांबल्यावर मिळतं, हे त्याने स्वतः शोधून काढलेलं असतं, म्हणून ते टिकतं. पुढे हीच मूठ दार होते, जेवणाची परात होते, फिरायला निघतानाचा पट्टा होते.

दिवसाचं खाणं एकदम परातीत न ओतता त्यातलं निम्मं अशा धड्यांत आणि निम्मं शोधात द्यायचं, ही दुसरी रीत. गोणपाटाच्या घड्यांत तुकडे लपवून पिल्लाला हुंगायला लावलं तर वीस मिनिटांत ते जेवढं थकतं तेवढं तासभर गल्लीत ओढत नेऊनही थकत नाही. हाकेला आलेल्या पिल्लाला, मग ते कितीही उशिरा आलेलं असो, कधी रागवायचं नाही. लहान पिल्लाला दिवसात अठरा तासांच्या आसपास झोप लागते, आणि संध्याकाळी अंगात आल्यासारखं घरभर धावणारं पिल्लू पुष्कळदा झोपेला आलेलं असतं. फेरी उजाडायच्या आत उरकायची, कारण चैत्र-वैशाखात आठनंतरचं डांबर पंजे भाजतं. परातीत कांदा-लसूण पडू द्यायचा नाही, आणि हे मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात सांगणं सोपं, पाळणं अवघड. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने अडल्यावेळी जिल्ह्याला तो आधार आहे.

कायदाही या बाबतीत वाटतो त्याहून पुढचा आहे. 2017च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली. आईपाशी आणि भावंडांत चावा किती लागतो हे समजण्याचा काळ त्यामुळे पिल्लाला मिळतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा तर याच्याही पलीकडे जातो. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा त्याच्या अकराव्या कलमात मालकाचा गुन्हा धरलेला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र फक्त दहा ते पन्नास रुपये.